फ्रीजच्या बोर्डावरचा माऊस

३ नोव्हेंबर, सोमवार
मुरबाडच्या कंपनीतली नोकरी सोडली. आजपासून किन्हवलीत घरबसल्या बॅनर डिझाइन. वायरलेस माऊस आणला, चार्जिंगवाला. संकल्प: घरात एकही फालतू वायर ठेवायची नाही. मीटरजवळून जमिनीत गेलेली एक जुनी तार लगेच उपटली. कशालाच नव्हती. आईच्या घेवड्याच्या मांडवाला बांधली. आई खूश.

५ नोव्हेंबर
माऊस रात्रभर फ्रीजच्या बोर्डावर चार्जिंगला. सकाळी तरी लाल दिवा. केबल खराब. आई म्हणाली, फ्रीज चावतो रे. म्हटलं, ओल्या हाताने धरला असशील.

८ नोव्हेंबर, सकाळी
नवी केबल. तरी लाल. दूधही नासलं. दूधवाल्याला झापायला हवं. कुत्रा घरात येईना, दारातूनच फ्रीजकडे बघून गुरगुरतो. बायको दामिनी म्हणते, फ्रीजला हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. बायकांना बी-ट्वेल्व कमी असतं. गोळ्या आणायचं ठरवलं. आमची छोटी सावळी आता फ्रीजला धरून उभी राहायला बघते. दामिनी तिला सारखी मागे ओढते. अशाने पोर चालणार कधी?

११ नोव्हेंबर
पहिलं काम! शेजारच्या लडकूचे काका परवा वारले. भावपूर्ण श्रद्धांजलीचा बॅनर, दहाव्याला लावायचा. त्यांचा फोटो यायचा होता, म्हणून जागा धरायला माझाच लग्नातला टाकला. हार घातला. छान दिसतो. काकांचा फोटो आला आणि माऊस मेला. बाण नेमका माझ्या कपाळावर. कसंतरीच झालं. पण आपण असलं काही मानत नाही.

१३ नोव्हेंबर
चोर सापडला. दामिनी! रोज झोपताना बोर्डाचं बटण बंद करते. माऊस रात्रभर उपाशी! विचारलं तर म्हणाली, पोर रांगतेय घरात, तुमाला उंदीर मोठा का पोर मोठी? गोजर वायरमनला बोलवा, नायतर मी चालले माहेरी. मी असताना वायरमन कशाला? कंपनीत माझं टेबल इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटला लागूनच होतं.

१४ नोव्हेंबर
बटणच काढून टाकलं. वायर डायरेक्ट जोडली. आता कोण बंद करतं बघू. दामिनी सावळीला घेऊन माहेरी वैशाखऱ्याला गेली. भांडली नाही. आईला तेवढं म्हणाली, मुसळ हाताशी ठेवा. कशाला, कोण जाणे. घर एकदम शांत. फ्रीज नुसता गुणगुणतोय.

१५ नोव्हेंबर, सकाळी
हिरवा दिवा! फुल्ल! मी पहिल्यापासून बरोबर होतो. आता फ्रीजमधलं थंड पाणी पितो आणि बॅनरवर माझ्या जागी काकांना बसवतो.

१९ नोव्हेंबर (डाव्या हाताने)
फ्रीजने धरलं ते सोडेना. ओरडताही येईना. आईने मुसळ हाणलं तेव्हा सुटलो. विजेने काहीच मोडलं नाही हे लिहून ठेवतो. कोपर आईने मोडलं.

गोजर आला. बोर्ड बघायच्या आधी मांडवापाशीच थांबला. म्हणाला, अर्थिंगच्या तारेवर घेवडा कुणी चढवला रे? ही होती म्हणून इतकी वर्षं तुमी जिते होतात. आई माझ्याकडे बघत राहिली. मला फ्रीजला धरून उभी राहणारी सावळी आठवली.

पंधरालाच लडकू बॅनर न्यायला आला तेव्हा मी खाली पडलेलो आणि स्क्रीनवर हारात हसत होतो. बिचारा रडायलाच लागला. काकांचा बॅनर काही लागला नाही.

आज दामिनीचा फोन. अर्थिंग झालं का, विचारलं. हाताचं काही नाही. म्हणाली, तो तुमचा हारवाला फोटो मी येईपर्यंत पुसू नका, रोज बघा.

पुसणार तरी कसा? उजवा हात प्लास्टरमध्ये, माऊस उजव्या हाताचा. चार्जिंग मात्र अजून फुल्ल आहे. बाण कपाळावरच आहे.