शनिवारची भुकटी

निपाणी
रविवार, ता. ८ एप्रिल १९७९
सकाळचे सव्वाआठ

प्रिय आक्का,

आत्ताच आईचं लुगडं झटकून दोरीवर टाकलं आणि लिहायला बसलो. झटकताना शिंकांनी जीव नकोसा झाला. मागच्या पंधरवड्यात त्याच लुगड्यात धुळीचा कण नव्हता. ते दिवस कसे आले आणि कसे गेले ते तुला सांगायला हवं. लग्नाआधी तूही याच वखारीत आईशेजारी चाळण धरून बसायचीस.

वखारीमागची गल्ली तुला माहीत आहे. तंबाखू चाळायला लागलं की तिथल्या बायका पापड आत घेतात, शाळेतली पोरं पाटीवर शिंकतात. यंदा गल्लीनं नगरपालिकेत अर्ज दिला. मालक भडकले. "तंबाखूच्या गावात ऱ्हायाचं आणि तंबाखूची धूळ नको. उद्या म्हणतील गुळाच्या अडतीत माशा नकोत," म्हणाले आणि अर्जाची नक्कल माझ्यापुढे टाकली. मी आठवीत शाळा सोडलेला, वखारीत वजनं लिहिणारा माणूस. पण चाळणीची जाळी आणायला मी बेळगावला उद्यमबागेत गेलो होतो, तेव्हा एका फौंड्रीत धूळ ओढणारा पंखा पाहिला होता. तो वाळूची धूळ ओढून मांजरपाटाच्या लांब पिशव्यांत भरतो. मालकांना कसंबसं तयार करून मी पुन्हा तिथे गेलो. यल्लाप्पा नावाच्या फोरमननं पंखा उघडून दाखवला, मापं दिली. परतताना एसटीत ती मापं इतक्या वेळा तपासली की निपाणी मागे पडली ते कळलंच नाही. कोगनोळीच्या नाक्यावर उतरलो आणि एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून परत आलो.

पंखा बसला, आक्का. पहिल्या दिवशी मी दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन गल्लीतल्या पत्र्यांवर बोट फिरवून बघत होतो. बोट कोरडं, स्वच्छ. मला खरंच वाटेना. आत बायकांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. मालुबाई म्हणाली, "अगं बया, तुझं तोंड असं हाय व्हय? धा वर्सं शेजारी बसते, आज बघितलं." सगळी वखार हसली. आईला विचारलं, कसं वाटतंय? "कान वाजत्यात तुझ्या पंख्यानं," एवढंच म्हणाली. पण त्या रात्री ती खोकली नाही. तिचा खोकला नाही म्हणून मलाच झोप लागेना. उठून दोनदा तिचा श्वास चालू आहे का ते पाहिलं.

मग शनिवार आला. आपल्या वखारीची रीत तुला नव्यानं सांगायला नको. शनिवारी काम सुटताना प्रत्येक बाईनं आपापली जागा झाडायची आणि जी भुकटी निघेल ती पदरात बांधून न्यायची. मशेरी भाजणाऱ्या बायका ती बाजारात विकत घेतात. हे कुणी कागदावर लिहून दिलेलं नाही, पण मालकांच्या वडिलांपासून कुणी अडवलंही नाही. माझी पुस्तकं त्याच पदरातून आली, तुझ्या लग्नातली जोडवीही. त्या शनिवारी बायकांनी जागा झाडल्या तर फरशी लख्ख. सगळी भुकटी पंख्याच्या पिशव्यांत गेलेली, आणि पिशव्यांच्या खोलीला मालकांचं कुलूप. तपकिरीच्या एका व्यापाऱ्यानं चांगला भाव दिला होता. मालक म्हणाले, "पंखा माझा, वीज माझी, पिशवी माझी. मग आतला माल कुणाचा?"

पंख्याची मापं घेताना धूळ कुठून उठते ते मी पाहिलं होतं. ती कुणाच्या घरी जाते हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि मी त्याच घरात जेवतो.

सोमवारी पंखा घरघरला आणि बंद पडला. त्याच्या तोंडात गोणपाट कोंबलं होतं. मी काढलं. मंगळवारी पुन्हा. कोण कोंबतं ते बघायला मी कोपऱ्यात थांबलो, तर आई. मला बघूनही तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "गल्लीला वारा दिलास, मालकाला माल दिलास. आमास्नी काय दिलास रं, शामू?" मी तिच्या छातीचं काहीतरी बोललो. "छाती माझी हाय, मी बघून घेते," म्हणाली. तेव्हापासून ती जेवायला वाढते, पण बोलत नाही. पंखा बंदच आहे आणि खोकला परत सुरू झालाय. ती खोकते आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.

मी मालकांकडे गेलो. पंखा चालू द्या, फक्त शनिवारी पिशव्या बायकांना सोडा, त्या आपसांत वाटून घेतील, असं सांगितलं. "मग पंख्याचे पैसे कोन देनार, तुझी आय?" मी म्हणालो, तिच्या छातीनं आजवर दिलेच आहेत. कुठून तोंडातून गेलं कळत नाही. मालक अगदी गोड आवाजात म्हणाले की या बायका जाऊ देत, खेड्यांतून नव्या बायका आणू. त्यांना भुकटीची रीत ठाऊकच नसेल, स्वच्छ हवेत मुकाट काम करतील. आणि त्यांच्यावर मुकादमीण म्हणून, "तुझ्या उचगावच्या बहिणीला आण." म्हणजे तुला.

आक्का, गुरुवारी तुझं पत्र आलं. दाजींचं काम सुटलंय, शामू, वखारीत कुठेही जागा बघ, असं तू लिहिलंस. जागा आहे. पगार मोठा आहे, हवा स्वच्छ आहे, आणि ती जागा आई, मालुबाई आणि बाकी सगळ्यांना उठवून रिकामी होणार आहे. मालकांचा बेत मी बायकांना सांगितला, आणि उद्या सकाळी त्या आत न जाता फाटकापाशी बसणार आहेत. मीही वजनकाट्यावर जाणार नाही. तुझ्या घरची चूल कशी चालते ते ठाऊक असूनही मी तुला लिहितोय की तू येऊ नकोस. हे एक वाक्य लिहायचं धैर्य व्हावं म्हणून वरचं सगळं लिहिलं.

आईला आत्ता हे पत्र वाचून दाखवलं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग इतक्या दिवसांनी बोलली, "येऊ नको लिवलंयस, ते खोड. लेकराबाळांसकट ये म्हन. घरात भाकरी हाय तवर खाऊ. पर बसायचं फाटकाभायेर, माज्याजवळ." मी खोडत नाही. पत्रात खाडाखोड मला आवडत नाही हे तू जाणतेस. खाली लिहितो: आक्का, ये.

तुझाच,
शामू