मिरीचा रोजा

२४ फेब्रु., सोम
शेजारच्या नेनेवहिनींची आई पुण्यात घरातच पडली. वहिनी इथून, आखातातून, मिळेल त्या विमानाने गेल्या. त्यांची कुत्री आमच्याकडे. चिवावा जात, नाव मिरी. शेजारधर्म, नाही कसं म्हणणार? वहिनी बजावून गेल्या: गळ्यात पट्टा नको, श्वासनळी नाजूक, छातीचा पट्टाच घालायचा. सोफ्यावरून उडी नको, गुडघ्याची वाटी सरकते. खाणं थोडं थोडं, पण दिवसातून चार वेळा. "मुश्ताकभाई, बाकी काही चुकलं तर चालेल, उपाशी ठेवू नका."
बायकोचा, शमीमचा चेहरा उतरला. घरात कुत्रं असलं की फरिश्ते येत नाहीत म्हणते. ठरलं: मिरी हॉलमध्ये. नमाजच्या खोलीचं दार बंद.

२६ फेब्रु., बुध
गावी आमच्या बंदरावरची कुत्री मासळीच्या टोपल्यांवर तुटून पडायची. ही त्यांचीच जात, पटत नाही. ओंजळीत मावते. एसीत थरथरते. सना म्हणते, "अब्बा, शी जस्ट शिव्हर्स. शी इज नॉट सॅड." तरी स्वेटर घातला.
कोरड्या हाताने, म्हणजे मग धुवावं लागत नाही, डोकं चाचपलं. टाळूला मऊ जागा. हाड भरलेलंच नाही. सना तान्ही असताना माझी अम्मी तिथेच तेल जिरवायची. ही चार वर्षांची, तरी टाळू तशीच. या जातीत असतं म्हणे. बोटाखाली काहीतरी हललं. हात काढून घेतला. एवढ्या नाजूक जागी अल्लाहने पहारा का ठेवला नाही...

१ मार्च, शनि
पहिला रोजा. पहाटे सेहरीला सनाने मिरीलाही वाटीभर दिलं. मी नमाजला उभा, ती उंबऱ्याबाहेर बसून. आत पाय टाकला नाही. कोणी शिकवलं?

५ मार्च, बुध
रास अल खोरचं गोदाम रमजानमुळे लवकर सुटलं. घरी अस्रच्या, दुपारच्या नमाजसाठी हातपाय धुऊन वुजू करून उठलो, तर मिरी पाय ताठ करून आडवी. डोळे उघडे, ओळख नाही.
सगळं लक्षात आलं. सेहरीनंतर आमचं किचन बंद ते संध्याकाळच्या मगरिबपर्यंत. वर्षानुवर्षांची सवय. शमीमला वाटलं सनाने दिलं, सनाला वाटलं अम्मीने. आज कोणी तिकडे फिरकलंच नाही. एवढ्याशा देहात साखर साठवायला जागाच नसते, हे प्राण्यांच्या क्लिनिकच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं. मग म्हणाला, "शहद है? मसूड़े पे लगाओ, यल्ला, जल्दी."
सनाने मधाची बाटली आणली. बोट मी घातलं. हिरड्या थंड, पांढऱ्या. दात तांदळाच्या कणीएवढे. दुसरा हात छातीखाली, तिथे काळीज इतकं भरभर, मोजता येईना. मध चोळत राहिलो. दुआ आठवेना, नुसतं या अल्लाह. मग जीभ हलली. एकदाच. मग बोट चाटलं.
आम्ही शाफई पंथाचे. कुत्र्याची लाळ लागली की सात वेळा धुवायचं, त्यात एकदा मातीने. बेसिनपाशी उभा, तर शमीम कढीपत्त्याच्या कुंडीतली मूठभर माती घेऊन आली. "चोळा. मी पाणी ओतते." शेवटचा तांब्या ओतताना म्हणाली, "मुक्या जिवाला रोजा धरायला लावला आपण." हसली की रडली, कळलं नाही. मिरीला क्लिनिकात नेलं. ठीक आहे.
पुन्हा वुजू, अस्र. सजद्यात कपाळ टेकलं तरी बोटाला ते काळीज लागत होतं.

६ मार्च, गुरु
वहिनींना फोन करून सगळं सांगितलं. मग एवढंच, "मध तुम्ही लावलात?"

१४ मार्च, शुक्र
दुपारचं खाणं शमीम देते. स्वतः उपाशी, तरी चिकन उकडून बारीक तोडते. मिरी आता तिच्याच मागे मागे. ही जात एकच माणूस धरते म्हणे. शमीम म्हणते मला नको हा लाड. मिरी ओढणीवर बसली तरी सोडवून घेत नाही मात्र.

२७ मार्च, गुरु
वहिनी परत येत नाहीत. आई अंथरुणाला खिळली. मिरी कायमची ठेवाल का, नाहीतर दुसरं घर शोधते, असं विचारलं. ईदच्या आत सांगा म्हणाल्या. सना माझ्याकडे बघते, मी शमीमकडे. इमामसाहेबांना विचारायला गेलो, सलाम करून परत आलो. ते काय सांगतील ते ठाऊक आहे. ते बोट चाटणं मात्र...

२९ मार्च, शनि
चाँद दिसला. उद्या ईद. इफ्तारला खजूर हातात घेतली आणि शमीमने विचारलं, "तिची वाटी भरली?" एवढ्यात पुण्याचा फोन. आज उत्तर द्यायचं. शमीम नमाजच्या खोलीचं दार ओढून घ्यायला उठली. मिरी तिच्या पायांशी, उंबऱ्याबाहेर बसली.
फोन वाजतोय.