होडीआडची खिडकी

प्रिय ताई, तुला आणि भावोजींना नमस्कार.

शाळेच्या बसमध्ये खिडकीसाठी आपण भांडायचो आणि सिस्टर दोघींनाही मधे बसवायच्या, आठवतं?

मी बरी आहे, वेळेवर जेवते. शेवटच्या आजारपणात ह्यांनी जहाजाच्या नकाशावर पेन्सिलीने गोल करून निवडलेल्या केबिनमध्ये एकटीच आहे. बेटं दिसावीत म्हणून निवडलेली, पण खिडकीसमोर बचावाची होडीच टांगलेली आहे.

"बाई, पलीकडची रिकामी आहे, बदलून देऊ?" खोली आवरणाऱ्याने विचारलं. ह्यांनी माझ्यासाठी निवडलेली खोली मी कशी बदलू? होडीखालच्या फटीतून बेटांवरची थोडी झाडं दिसतात.

तुझे गुडघे कसे आहेत?

घरी राहिलेली त्यांची दुर्बीण तुझ्या नातवाला दे, शाल भावोजींना. नकाशाही तिथेच आहे, तो मात्र कुणाला देऊ नकोस.

तुझीच,
छकुली