शालनवर लक्ष ठेवा म्हणे

मंगळवार, १३ मे. पोर्टलीश, आयर्लंड
उद्या निघायचं. मी आणि शालन. या वयात पाठीला पिशव्या लावून. माझी पिशवी नातीची, शाळेची, जांभळी, वर शिंगवाला घोडा. शालन हसून हसून लाल. म्हटलं हस, तुझ्यापायीच घ्यावी लागली.

सगळं तिचं खूळ. मिरजेत एकटी होती, दूध गॅसवर विसरली, भांडं जळून कोळसा. शेजारणीनं थेट इथं फोन लावला. झालं, मंदारनं आईला उचलून आणलं. दोन महिने झाले. मी लेकीकडं, चार घरं पलीकडं. आता म्हणतो मिरजेचं घर बंद करू, तू कायमची इथंच. ती म्हणे, पाच दिवस गोदाबरोबर फिरून येते, तुला एक फोन न करता. जमलं तर माझं परतीचं तिकीट काढ. तो हो म्हणाला. चांगली हॉटेलं बघून देत होता तर ही म्हणे, नको, मग तूच नेल्यासारखं होईल. म्हणून स्वस्तातली हॉस्टेलं. नातीनं फोनवर ठरवून दिली.

संध्याकाळी मंदारनं मला दाराशी गाठलं. "काकू, आईवर जरा लक्ष ठेवा. आणि आल्यावर मला खरं सांगा."

म्हणजे मैत्रीणही मीच आणि पोलीसही मीच. शी.

बुधवार, १४. कॉर्क
आगगाडीनं आलो. समोर एक बाई, मांडीवर कुत्रं. अर्धं बिस्कीट स्वतः खाल्लं, अर्धं त्याला चाटवलं, मग तीच बोटं चोखली. मी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघितलं. बाहेर गाईच गाई.

हॉस्टेल म्हणजे एका खोलीत आठ पलंग, एकावर एक. सगळ्या पोरीच, एवढं बरं. ओले टॉवेल, मोजे, एकीचा कालचा पिझ्झा उशाशी. बूट घालून गादीवर. विंचरलेल्या केसांचा गुंता खिडकीत ठेवलेला. संडासात पाणी नाही, कागद. आपापल्या बाटल्या नेल्या होत्या म्हणून वाचलो.

शालन शिडी धरून वरच्या पलंगावर चढायला लागली. म्हटलं, गुडघे बघ आपले.
"मला चढता येतं की नाही, हेपण मंदारला सांगणार काय?"
म्हणजे हिला माहीत आहे. चढली. उतरलीपण.

गुरुवार, १५. कॉर्क
पाऊस. असा पिरपिर, की छत्री उघडावी तर थांबतो, मिटावी तर लागतो. शहर ओल्या गोणपाटासारखं. जेवणपण गार. ब्रेडात गार अंडं, त्यावर पांढरा चिकट लेप. माझ्या घशाखाली उतरेना. शा. नं तिचं खाल्लं, माझंपण खाल्लं. वर म्हणते चव आहे. जीभ गेली हिची.

येताना मी रस्ता चुकले. नदी एका बाजूला हवी ती दुसऱ्याच बाजूला. शा. म्हणाली, "अगं तो निळ्या दाराचा न्हावी जाताना डावीकडं होता." बरोबर आणलं तिनं. "हे लिही तुझ्या वहीत." लिहिलं.

शुक्रवार, १६. ट्रली
बसनं आलो. मागं एकजण सगळी वाट नाक ओढत. रुमाल माहीत नाही मेल्याला.

इथल्या हॉस्टेलला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. सिंकमध्ये तीन दिवसांची भांडी, फडक्याला शेवाळ. बाह्या वर करून दोघींनी सगळं घासून काढलं. हॉस्टेलची पोरगी डोकावून, "आह लेडीज, यू आर ग्रँड." आम्ही कामाला ठेवलेल्या वाटलो असणार. मग पिठलं टाकलं. बेसन शा. च्या पिशवीत. फोडणीला मोहरी, हिंग, मीठ, सगळं आठवणीनं, काही विसरली नाही. मी बघत होते. बघते आहे हे कळू नये म्हणून कांदा चिरत होते. मला माझाच कंटाळा आलाय.

शनिवार, १७. ट्रली
सकाळी तोंड धूत होते. प्लास्टिक जळल्याचा वास. धावले. शा. शेगडीपाशी. विजेची केटली शेगडीवर, खालून वितळून गळतेय, आणि ही कपाट उघडून साखर शोधतेय. शेगडी बंद केली, केटली सिंकमध्ये फेकली, खिडकी उघडली. शा. केटलीकडं बघत राहिली. नुसती.

आपल्याकडून नवी आलेली कोणतीही बाई हे करेल. लेकीच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी केलं होतं, आठवडाभर हसलो. पण शा. मंदारकडं रोज तसल्याच केटलीत पाणी तापवते. मी पातेल्यातच चहा उकळणारी. बटण कुठलं दाबायचं ते मला हिनंच शिकवलं.

पोरगी आली. मी पुढं झाले. "मी. आय. मिस्टेक."
"आह, यू आर ग्रँड."
म्हणजे चालतंय. यांचं घर जळलं तरी ग्रँड.

समुद्र बघायला जायचं होतं. नाही गेलो.

रविवार, १८. बसमध्ये, लिमरिकच्या पुढं
शेजारचा माणूस व्हिनेगरचे वेफर खातोय. सगळ्या बसला वास.
"गोदे, केटली तू ठेवलीस?"
"हो."
"खोटं."
"मग तू ठेवलीस."
"तेच आठवत नाही. म्हणून तर तुला विचारते."
मग म्हणाली, "मंदारला काय सांगायचं ते सांग. पण माझ्यासमोर सांग. मी आत चहा करते आणि तुम्ही बाहेर कुजबुजता, असं नको."

सांगू नको म्हणाली असती तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

मिरजेत ती केटली नाही. पण गॅस आहे. इथं कोणीतरी असतं. पण इथं ही सकाळी उठून कोणाशी बोलणार, भिंतीशी?

सोमवार, १९. पोर्टलीश
काल मंदार गाडी घेऊन आला होता. आईला फोन न केल्याबद्दल शाबासकी दिली, लहान पोराला देतात तशी. मला काही विचारलं नाही. आज म्हणाला, काकू, संध्याकाळी चहाला या.

पिशवी धुतली. घोड्याचा वास जाईना.

आत्ता दार वाजलं. शा. स्वतः न्यायला आली आहे, चार घरं सोडून चालत. मी आधी तिच्या चपला बघितल्या. ज्या त्या पायात आहेत. मग वर बघितलं, तर ती मला बघताना बघत होती.
"आहेत ना बरोबर? चल."