डावीकडचा पट्टा

सोमवार, ३ मार्च

पाडली भोकं! साठ वर्षांच्या गाडीच्या धडधाकट पत्र्याला ड्रिल लावायचा जीव होत नव्हता, पण पाडली. आता माघार नाही.

बेव्हन बघायला आला होता. जुन्या गाड्यांच्या क्लबातला सगळ्यात जुना दोस्त, जिभेला मात्र हाड नाही. म्हणाला, "त्रेसष्ट सालची होल्डन. कारखान्यातून आली तीच सीटबेल्टच्या पट्ट्यांविना. कायदासुद्धा लावा म्हणत नाही. मग तुला कुठला किडा चावला रे?" मी म्हटलं, रॉससाठी. त्यावर तो ड्रिलची वायर गुंडाळायला लागला.

जानेवारीत पेंग्विन गावच्या रस्त्यावर वॉलबी, ती छोट्या कांगारूसारखी असते ती, आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि शेजारी बसलेल्या रॉसचं तोंड समोर आपटलं. गालाचं हाड मोडलं. बायकोच्या गालाचं हाड, माझ्या गाडीत! तेव्हापासून ही गाडी गॅरेजातच आहे. कुठे जायचं तर रॉसच्या छोट्या गाडीतून, आणि चालवणार ती. "रागावले नाहीये मी, नेव्ह. त्या गाडीत बसत नाही, एवढंच." आता याचा अर्थ काय लावायचा? राग नाही, मग काय आहे? इतकी वर्षं संसार करून बाईच्या एका वाक्याचा अर्थ लागू नये म्हणजे कमाल आहे.

ईस्टरला क्लबाच्या गाड्या स्ट्रॉनला जाणार. ती शेजारी हवी. दुसरं काही मागणं नाही.

गुरुवार, ६ मार्च

खोकं उघडलं. पट्टे, पट्टा गुंडाळणाऱ्या चकऱ्या, बोल्ट, वायसर, जाड लोखंडी चौकोन. सोबतच्या कागदावरचं चित्र कुठून वर आणि कुठून खाली, तेच कळेना. सगळं जागच्या जागी लावून पाहिलं तर एक वायसर उरलं. का उरलं?

शनिवार, ८ मार्च

लोखंडी चौकोन भोकावर ठेवला, त्यातून बोल्ट घातला, खालून नट आवळला. वर गालिचा. झाकपाक! मोठ्या दिमाखात रॉसला बोलावलं.

तिनं गालिचा उचलला. मग चहाचा कप टपावर ठेवून गाडीखाली वाकली.

"खाली काय आहे?"

"नट."

"नुसता?"

घरात जाऊन स्वतःचा हिवाळी कोट घेऊन आली. मला वाटलं, निघाली कुठेतरी. तिनं कोटाची आतली बाजू माझ्यापुढे धरली. प्रत्येक मोठ्या बटणामागे एक चपटं बारकं बटण.

"हे कशाला असतं?"

"मला काय ठाऊक? शोभेला."

"आतल्या बाजूला शोभा कोण बघतंय? ओढ बसली तर कापड फाटू नये म्हणून. माणूस पुढे फेकला गेला की बोल्ट वर ओढला जाणार. मग तुझा नट पत्रा फाडून वर येईल. तो चौकोन खाली हवा, नेव्ह. वर ठेवून काय पापड वाळवायचेत?"

तोंडात मारल्यासारखं झालं. सगळं सोडवलं. मी म्हटलं, बसणार नाहीस तर तो कागद वाचतेस कशाला? "कुणीतरी वाचायला हवा ना," म्हणाली आणि कप घेऊन गेली.

बसणार आहे की नाही?

बुधवार, १२ मार्च

चौकोन खाली गेले. त्यांच्या वळलेल्या कडा पत्र्यापासून लांब राहायला हव्यात. हे वाचलं, समजलं आणि उलटे लावले. परत काढले.

रविवार, १६ मार्च

काल चकरी बसवली. दोन दारांमधल्या डाव्या खांबाच्या पायथ्याशी, रॉसच्या बाजूला. पट्टा ओढला तर तसूभर हलेना! पुन्हा ओढला. अडियल घोडा परवडला.

लगेच दुकानाला फोन केला. पोरीनं विचारलं, "उभी आहे ना?" मी म्हटलं, कोण? "चकरी हो, काका." मी म्हटलं, खांबाला लागून सरळ उभी आहे. मग बिघडलेली असेल म्हणाली, बदलून देऊ. म्हणून आज काढली. हातात घेऊन ओढली — लोण्यासारखी! परत बसवली — ढिम्म. मला वेड लागायची पाळी आली.

रॉस दारात उभी राहून बघत होती. पुढे आली, चकरी हातात घेतली, जरा तिरकी केली. पट्टा अडकला. सरळ केली, सुटला. मग तिनं दोऱ्याला ते उरलेलं वायसर बांधून ओळंबा केला आणि खांबाशी धरला. खांबच तिरका! साठ वर्षं गाडी जवळ आहे आणि मला पत्ता नाही.

हसली. मीही हसलो. फार बरं वाटलं.

शनिवार, २२ मार्च

खाली पाचर दिली, चकरी ओळंब्यात आली. पट्टा झकास येतो-जातो. रॉसला विचारलं, आता बसशील?

"उजवीकडचाही लाव. तो पण असाच नीट."

मी म्हटलं, मला कशाला? माझ्या हातात स्टिअरिंग असतं. तर माझ्याकडे बघत राहिली. बघणं रागाचं नव्हतं. कसलं होतं, नाही सांगता येत.

"लाव, नेव्ह."

लावतोय. बाईचं काही कळत नाही.

शुक्रवार, २८ मार्च

पट्टे तपासायला वाहनखात्याचा तपासनीस आला. गाडीखाली शिरला, पट्ट्यांना हिसके दिले, सही केली. "काम चोख आहे. कुणी शिकवलं?" मी म्हटलं, बायकोनं. त्याला थट्टा वाटली.

गुरुवार, ३ एप्रिल

पुन्हा विचारलं. "उद्या बसते," म्हणाली. बसते!! गाडी दोनदा धुतली.

शुक्रवार, ४ एप्रिल

रॉस बसली. उजवीकडे, स्टिअरिंगवर. माझ्या हातातून किल्ली घेतली आणि मला डावीकडचं दार उघडून दिलं. डेव्हनपोर्टला डॉक्टरची वेळ घेतलीय म्हणाली. माझ्यासाठी.

"त्या दिवशी रस्ता मोकळा होता, नेव्ह. आडवं काहीच आलं नव्हतं. मला सांगायचा धीर होत नव्हता."

मला तर ती वॉलबी अजून दिसते. पाठ भिजलेली होती तिची.

भीती वाटतेय. हे दवाखान्यातल्या बाकावर लिहितोय. रॉस शेजारी आहे.