परडीचा माग

मु. दिंद्रुड
माघ वद्य पंचमी, शके १८३५

ती. कौशल्याआक्कास धाकट्या शहादेवाचा दंडवत.

आष्टीच्या आश्रुबाला आपल्या तात्यांचंच दुखणं आहे. परवा मी स्वतः पाहून आलो, आणि काल मोमिनाबादच्या डॉक्टर राधाकिशनांनी तसंच सांगितलं. आपल्या आत्याचा हा थोरला, लहानपणी तुझ्या कडेवरून उतरायचा नाही तो. आता चाळिशीतच हातपाय आपोआप हलतात, घास तोंडापर्यंत जात नाही.

इकडे बाकी खुशाल. ज्वारीची काढणी चालू आहे. काळी गाय व्याली, गोऱ्हा झाला. अक्षर माझं नाही हे दाजींनी पहिल्याच ओळीला ओळखलं असेल. बोटात काटा मोडलाय, म्हणून माझ्या रामहरीला लिहायला बसवलं आहे. दाजींनी हे पत्र तुला एकटीलाच वाचून दाखवावं. तुझी मुक्ता जवळ नको.

तात्यांच्या अंगात देवी येते असं आपण मानत आलो. आजोबांच्याही यायची. ज्याचं अंग हलू लागेल त्याला देवीनं निवडलं म्हणायचं आणि त्याच्या हाती जोगव्याची परडी द्यायची, ही आपल्या घराची रीत. आत्याला सासरी गेल्यावर हलू लागलं, तेव्हा इथून परडी वाजतगाजत आष्टीला गेली होती. तू तेव्हा न्हातीधुती होतीस, तुला आठवत असेल.

दिवाळीनंतर मी तात्यांच्या दुखण्याचं विचारायला डॉक्टरांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "घराण्यात आणखी कुणाला होतं?" मी म्हटलं, तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण परड्या कुठंकुठं गेल्या ते सांगता येईल. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "पाटील, मग परडीचाच माग काढा."

तो काढत तीन महिने हिंडलो. सात परड्या सापडल्या, सातही घरी हेच दुखणं. शेवटची आष्टीची. तिथं आश्रुबाच्या बायकोनं, चतुराबाईनं, नवऱ्याची परडी उचलून माझ्यापुढं आपटली. "भावजी, देवी आसती तर मंगळवारी आली आसती. ही डोळे उघडले की येती, झोप लागली की जाती. आशी कुठं देवी ऱ्हाती व्हय?" ही गोष्ट आपल्या घरात इतक्या वर्षांत कुणी पाहिली कशी नाही?

डॉक्टर म्हणतात, हे रक्तातून येतं. आईला किंवा बापाला असेल तर निम्म्या पोरांना येतं, निम्मी सुटतात. जो सुटला त्याची पोरंही सुटली. कशानं होतं ते त्यांनाही ठाऊक नाही, औषध नाही. म्हणूनच लिहून घेतात. कागदावर पुरुषाचा चौकोन, बाईचं गोल. दुखणेकऱ्याचं काळं करतात. तू चोपन्न वर्षांची, सुईत दोरा अजून पहिल्याच खेपेला ओवतेस. तुझं गोल त्यांनी पांढरं ठेवलं आहे. तेव्हा मुक्ताही सुटली, असं त्यांचं म्हणणं.

आणि आपण तिला भाची म्हणून सून करून याच घरात आणायला निघालो आहोत.

रामहरीची लेखणी इथं थांबली आहे. मी म्हटलं, लिही. तो म्हणतो, "आबा, मंग काट्याचं खोटं कावून लिवायला लावलं? आत्या काय परकी हाय?"

काटा मोडलेला नाही, आक्का.

नवरात्रात आरतीचं ताट माझ्या हातून पडलं. भावकीला आनंद झाला, म्हातारी माणसं पाया पडली, तात्यांची परडी माझ्यापुढं ठेवली. मी ती घेतली. दोन वर्षांपासून बोटं ऐकत नव्हती, हे मला ठाऊक होतं. देवी म्हटलं की भीती वाटत नाही, म्हणून घेतली. पुढं सात परड्या डॉक्टरांना सांगितल्या, आठवी सांगितली नाही. काल त्यांनीच विचारलं, "पाटील, हात मांडीखाली दाबून का बसता?" माझा चौकोन त्यांनी शिसपेन्सिलीनं अर्धा रेखला आहे. रामहरीचा रिकामा आहे. त्याचं चाळिशीपर्यंत काही सांगता येत नाही म्हणतात.

तो एकोणीस वर्षांचा आहे आणि हे सगळं त्याच्याच हातून लिहून होतंय. मला दुसऱ्या कुणाला बोलवायला हवं होतं.

मघाशी उठून बाहेर गेला होता. आत येऊन म्हणाला, "सोयरीक माझ्याकडनं मोडली आसं सांगा, आबा. मुक्तीला कुणी नावं ठेवाया नको." मी त्याला समजावणार होतो. पण काय सांगून समजावू?

फाल्गुन शुद्ध पंचमीला तुम्ही सुपारी फोडायला यायचं ठरलं होतं. त्याच दिवशी डॉक्टर मला नीट तपासायला इथं येणार आहेत, तुझेही हात त्यांना बघायचे आहेत. तुम्ही दोघं या. सुपारी आणू नका. तपासणी झाली की देव्हाऱ्यातली परडी मी भावकीसमोर डॉक्टरांच्या हवाली करणार आहे. गोंधळ होईल, तेव्हा तू माझ्या बाजूला उभी असावीस.

इथवर रामहरीनं लिहिलं. सही मी करतो. तिला वेळ लागेल, आणि ती वाचता आली नाही तर दाजींना म्हणावं, ती माझीच आहे.

तुझा,
शहादेव