अधिष्ठातापदासाठी दोघी

४ मार्च
अर्ज टाकला. विज्ञान शाखेच्या अधिष्ठातापदाचा. आमच्या कॉलेजात त्या खुर्चीवर आजवर बाई बसलेली नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे काय गं? सुट्ट्या वाढतात का?" कमी होतात म्हटलं. "मग कशाला मेलं ते?"

नवऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "बरं केलंस. केव्हापासून मनात होतं तुझ्या." मी तर कधीच बोलले नव्हते त्याच्याशी!

७ मार्च
आज पुन्हा एक मुलगी रडत आली. वनस्पतिशास्त्राची. मी शिकवते रसायनशास्त्र. पण तिच्या सरांनी पाठवलेलं — "त्या मॅडमकडे जा, त्या बघतात." रडणारं पोर दिसलं की अख्ख्या कॉलेजला माझीच खोली आठवते. शोधनिबंध तसाच पडून. जाताना मुलगी हसली, म्हणून तक्रार नाही. पण बढतीच्या गुणांत या कामाला जागाच नाही.

१२ मार्च
चिमणीचा फोन. माझी पहिली पीएचडीची विद्यार्थिनी. आवाज इतका बारीक, की प्रयोगशाळेत सगळे तिला चिमणीच म्हणायचे. माझ्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. तिच्या घरात शाळा पाहिलेली ती पहिली. आता दुसऱ्या कॉलेजात विभागप्रमुख आहे.

"मॅडम, तुमच्याकडच्या अधिष्ठातापदासाठी मी अर्ज केला होता. मागे घेतेय."
"का?"
"तुम्ही केलाय हे आज कळलं. तुम्ही असताना मी कशी..."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुला एवढं शिकवलं ते माझ्या मागे उभं राहायला? मुलाखतीला दिसली नाहीस, तर पुन्हा फोन करू नकोस."

फोन ठेवल्यावर कळलं काय करून बसले ते. ती नसती तर मला सोपं गेलं असतं. हेही लिहून ठेवते — इथे कशाला खोटं बोलू.

२ एप्रिल
मुलाखत झाली. बाहेर बाकावर दोघी शेजारी. तिने माझ्या पदराची पिन सरळ केली, मी तिला बळेच पाणी प्यायला लावलं. भौतिकशास्त्राचे सरही उमेदवार. आमच्याकडे बघून म्हणाले, "गुरू-शिष्या दोघी? आम्ही घरी जावं की काय?" चिमणी म्हणाली, "बसा ना सर, जागा आहे." तोच बारीक आवाज. सर बसले.

आत विचारलं, नेतृत्वाचा अनुभव काय? मी समित्यांची नावं सांगितली. ती बाहेर आल्यावर विचारलं, तू काय सांगितलंस?

"मुलांचं रडणं ऐकायचं काम आमच्याकडे नेहमी बायकांच्याच गळ्यात पडायचं. मी ते सगळ्यांच्या वेळापत्रकात घातलं. पुरुषांच्यासुद्धा. आता बढतीतही धरतात, ते सांगितलं." मग म्हणाली, "तुम्हाला डबा खायला वेळ मिळायचा नाही, मॅडम. मी बघायचे ना."

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. मला ते काम आहे असंच वाटलं नाही कधी. मी मायेने करत राहिले. तिने त्याचा नियम करून घेतला. मला का नाही सुचलं? जळले थोडी. आणि ऊर भरूनही आला — दोन्ही एकदम.

१९ एप्रिल
निवड झाली. तिची.

२० एप्रिल
तिचं फोनवर अभिनंदन केलं. आवाज नीट राहिला. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दार उघडलं तर लेक उभी. "आई, पाणी वाया जातंय. बाहेरच रड ना." मग बाहेर रडले, तिला धरून.

२६ जून
नव्या अधिष्ठातांची पहिली सभा. विभागप्रमुखांच्या नेमणुकांचा विषय निघाला. मी म्हटलं, ज्येष्ठतेनेच व्हाव्यात, तशी इथली रीत आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या हिशोबाने पुढची पाळी माझी, हे सगळ्यांना ठाऊक.

ती म्हणाली, "मला हे पटत नाही. ज्येष्ठतेनेच चाललं असतं तर मी आज इथे नसते. प्रत्येक विभागाने अर्ज मागवावेत."

तिची नजर माझ्यावरून हलली नाही. मी शिकवलेल्यांपैकी एकानेही आजवर मला असं तोंडावर, भर सभेत खोडून काढलं नव्हतं.

"मुद्दा बरोबर आहे, मॅडम," मी म्हटलं. ते 'मॅडम' तोंडातून अगदी सहज निघालं.